रेंजबाहेरची हाक

अकोल्याच्या जठारपेठेत फोनला टॉवर शोधावा लागत नाही. दवाखाने, औषधांची दुकाने, शिकवण्या आणि रिचार्जच्या टपऱ्या यांनी गजबजलेल्या या वस्तीत मध्यरात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर आधी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावायचा की आधी १०८ ला, एवढाच प्रश्न घरच्यांपुढे असतो. फोन लागेल की नाही, ही शंकाही मनाला शिवत नाही. याच शहरातून उत्तरेला निघाले की पंचेचाळीसेक किलोमीटरवर अकोट लागते, पुढे पोपटखेड, शहानूर, नरनाळा. तिथे काळ्या मातीचा सपाट वऱ्हाड संपतो आणि सातपुड्याच्या रांगा एकीमागून एक चढत जातात. डोंगर जवळ येतो तशा फोनवरच्या कांड्या कमी होऊ लागतात आणि मेळघाटात शिरल्यावर मैलोगणती त्या दिसतच नाहीत. धारणी आणि चिखलदरा या दोन तालुक्यांत सिपना, गडगा, खापरा, खंडू या नद्यांच्या खोऱ्यांमध्ये कोरकू आदिवासींची गावे विखुरली आहेत. त्यांतल्या पुष्कळ गावांची रेंजची एक ठरलेली जागा असते: एखादे टेकाड, घाटातले एखादे वळण. फोन करायचा तर तिथवर चालत जायचे. मुलाबाळांची ख्यालीखुशाली विचारायला ही पायपीट चालून जाते. साप चावलेल्या माणसासाठी किंवा अडलेल्या बाळंतिणीसाठी मात्र ती परवडणारी नसते.

या अडचणीवर उपाय म्हणून जगभर वापरले जाणारे एक उपकरण आहे. त्याला आपण उपग्रह संदेशक म्हणू. मुठीत मावणारे, शंभर-सव्वाशे ग्रॅम वजनाचे. त्यातून गाणी ऐकता येत नाहीत, चित्रे पाहता येत नाहीत. बहुतेकांतून बोलताही येत नाही. ते एवढेच करते: आपण कुठे आहोत हे अक्षांश-रेखांशात ओळखते, दीडशे-एकशेसाठ अक्षरांचा निरोप थेट उपग्रहाकडे पाठवते आणि आलेले उत्तर दाखवते. संकटाची खूण पाठवायला एक वेगळी कळ असते. टॉवर लागत नाही, सतत वीज लागत नाही, एकदा चार्ज केले की बेताने वापरल्यास ते कित्येक दिवस पुरते. हिमालयात, ध्रुवप्रदेशात किंवा एकट्या शिडाच्या होडीतून जग फिरणारी माणसे ते जवळ बाळगतात, म्हणून ते साहसी लोकांचे खेळणे वाटते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ज्याला रानात राहावेच लागते, त्याचा या उपकरणावर रानात हौसेने जाणाऱ्याहून मोठा हक्क आहे. आणि समुद्रावरच्या होडीला आपल्या सरकारने जे देऊ केले, ते डोंगरातल्या गावाला नाकारावे असे एकही टिकाऊ कारण आपल्यापाशी नाही.

संकट आणि संकटाची बातमी या दोहोंमधला वेळ काय करतो, हे महाराष्ट्राने पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले, दीडशेवर माणसे गेली. ही बातमी जगाला कळली ती नेहमीच्या फेरीवर निघालेल्या एसटीच्या चालकामुळे. रोज जिथे गाव दिसायचे तिथे त्याला चिखल दिसला, तो मागे फिरला आणि त्याने कळवले. सकाळची ती फेरी नसती तर बातमीला आणखी किती वेळ लागला असता, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस शेकडो फूट खाली गेली. तीसजण दगावले, वाचला तो एकच. आणि तोच दरी चढून वर आल्यावर अपघाताचा पत्ता लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीहून धारणीकडे निघालेली खासगी बस सेमाडोहजवळ पुलावरून कोसळली, हा तर आपल्या मेळघाटाचाच रस्ता. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या गिर्यारोहकांच्या बावीसजणांच्या तुकडीला वादळाने गाठले आणि नऊजण थंडीने गेले. तिथे मदतीचा निरोप जायला आधी कुणाला तरी रेंजच्या पट्ट्यात खाली उतरावे लागले. उपग्रह संदेशक असता तर हे सगळे वाचले असते, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. माळीणमध्ये तर ज्याच्या हाती उपकरण असते तोच गाडला गेला असता. पण यांतल्या बहुतेक घटनांत मदतीचे घड्याळ सुरू झाले ते कुणाच्या तरी पायांनी किंवा निव्वळ योगायोगाने. सुरक्षेची व्यवस्था म्हणवणाऱ्या राज्याला योगायोगावर विसंबून राहणे शोभत नाही.

मेळघाटात तर या घड्याळाला फारच महत्त्व आहे. १९९०च्या दशकात इथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले, तेव्हापासून समित्या आल्या, न्यायालयात याचिका आल्या, आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे वाढली. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांच्यासारख्या माणसांनी आयुष्य घातले. तरी अंतर आपल्या जागी आहे. धारणीहून अमरावतीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा भाग घाटाचा. २०१४ पासून राज्यात १०८ ची रुग्णवाहिका धावते आहे, ही मोठीच सोय. पण या सोयीच्या मुळाशी एक न बोललेली अट आहे, की आधी फोन लागला पाहिजे. फोन न लागणाऱ्या गावासाठी रुग्णवाहिका असून नसल्यासारखीच. शिवाय निरोप म्हणजे नुसते 'या' नव्हे. साप कोणता दिसला, बाळंतीण किती वेळ अडली आहे, नाल्याला पूर असल्याने गाडी कुठवर येऊ शकेल, एवढे चार शब्द आधी पोचले तर गाडीत काय घालायचे आणि कुठल्या बाजूने यायचे हे ठरते. उलट दिशेने 'गाडी निघाली, रुग्णाला अमुक फाट्यावर आणा' एवढे कळले तरी खाटेवर माणूस घेऊन निघालेल्या चौघांची वाट चुकत नाही.

हे यंत्र करते काय आणि करत नाही काय, हे स्वच्छ समजून घेतले पाहिजे. इरिडियमसारख्या व्यवस्थेत सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर ६६ उपग्रह पृथ्वीभोवती फिरत असतात. डोंगराने एक उपग्रह अडवला तरी थोड्या वेळाने दुसरा नजरेच्या टप्प्यात येतो, म्हणून निरोपाला विलंब लागतो पण तो जातो. आपल्या इस्रोचे दळणवळण उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर भासतात. वऱ्हाडातून ते दक्षिणेच्या आकाशात दिसतात, पण डोक्यापासून फार खाली नव्हेत, त्यामुळे फार अरुंद घळी सोडल्या तर तेही मेळघाटावर नजर ठेवू शकतात. दोन्ही प्रकारांना अट एकच, वर आकाश मोकळे हवे. इथे मेळघाटाचा स्वभाव आड येतो. हे सागाचे पानझडीचे रान. चैत्र-वैशाखात उघडेबोडके, आणि पावसाळ्यात, म्हणजे नाले भरतात, रस्ते तुटतात, साप बाहेर पडतात नेमके तेव्हा, पानांनी गच्च. ओल्या पानांच्या छताखाली संदेश अडखळतो. तेव्हा उपकरण हाती असले तरी माणसाला रस्त्यावर, नदीच्या पात्राकडे किंवा शेतात यावे लागेल. ही मर्यादा खरी आहे. पण घरापुढच्या अंगणात येणे आणि काळोख्या पावसात रेंजच्या टेकाडापर्यंत जाणे यांत फरक आहे, आणि कधीकधी तो फरक जीवनमरणाचा असतो.

आता समुद्राकडे पाहू. किनाऱ्यापासून काही अंतरावर मोबाइल बंद पडतो, हे लक्षात घेऊन इस्रोने मच्छीमारांसाठी संकटसूचक यंत्र तयार केले आणि २०१० पासून ते वापरात आले. पहिल्या पिढीतल्या यंत्राची गोम अशी, की कळ दाबली तर संदेश जायचा, पण तो पोचला की नाही हे होडीतल्या माणसाला नक्की कळायचे नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत इस्रोने नेमकी हीच उणीव भरून काढली: पलीकडून पोच मिळते, आणि किनाऱ्यावरून होडीला इशाराही देता येतो. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनीही २०२० मध्ये संकटात सापडलेल्याला पोच देण्याची सेवा सुरू केली. त्यापुढची पायरी आपल्याच राज्यात गाठली गेली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांच्या संपर्क यंत्रणेचा देशव्यापी प्रारंभ झाला. खर्च सुमारे ३६० कोटी, आणि उद्दिष्ट किनारी राज्यांतल्या एक लाख नौकांवर इस्रोने घडवलेली, दोन्ही बाजूंनी निरोप नेणारी यंत्रे बसवण्याचे. या एका निर्णयात तीन तत्त्वे सरकारने मान्य केली. टॉवर न पोचणाऱ्या जागी उपग्रहाने पोचायचे, हे पहिले. निरोप दोन्ही बाजूंनी हवा, हे दुसरे. आणि हा खर्च गरीब मच्छीमाराच्या माथी न मारता सार्वजनिक सुरक्षेचा समजायचा, हे तिसरे. या तिन्हींतले असे कोणते आहे, जे खाऱ्या पाण्यावर खरे आणि सातपुड्यात खोटे ठरते?

पहिला आक्षेप देशाच्या सुरक्षेचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. २००८ मध्ये मुंबईवर चालून आलेल्या दहशतवाद्यांकडे उपग्रह फोन होता. 'कुबेर' या पळवलेल्या मासेमारी नौकेवर तो नंतर सापडला. परवान्याशिवाय उपग्रह फोन बाळगण्यावर आपल्याकडे बंदी आहे, आणि तिच्या मुळाशी १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा आहेत. ही बंदी केवळ फोनपुरती नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर परदेशी प्रवाशांना अशाच छोट्या उपकरणांपायी पोलिसांना तोंड द्यावे लागले, आणि ब्रिटनचे सरकार भारतात जाणाऱ्या आपल्या नागरिकांना तशी उपकरणे परवानगीशिवाय नेऊ नका असे बजावते. तेव्हा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला एखादे मागवून मेळघाटात वापरू, असा विचार कुणाच्या मनात असेल तर तो सोडलेला बरा. आजच्या कायद्याने तो गुन्हा आहे. पण बंदीचा हेतू नीट पाहिला तर तो उपग्रहाविरुद्ध नाही. राज्याला न कळता, देशाबाहेरच्या केंद्रातून जाणाऱ्या संभाषणाविरुद्ध तो आहे. म्हणूनच बीएसएनएलने २०१७ मध्ये इनमारसॅटची उपग्रह फोन सेवा सुरू केली तेव्हा तिचे केंद्र गाझियाबादला ठेवले आणि आपत्ती निवारण, पोलीस, रेल्वे यांना ती आधी दिली. नावावर नोंदलेले, आपल्याच भूमीवरच्या केंद्रातून निरोप नेणारे, प्रत्येक निरोपासोबत स्वतःची जागा सांगणारे यंत्र हे लपून काम करणाऱ्याला मुळीच सोयीचे नाही. दहशतवादी परवान्यासाठी अर्ज करत नाही. अर्ज करते ती उपकेंद्रातली परिचारिका. बंदीचा भार आज तिच्यावर पडतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: टॉवर येतच आहेत, मग हा आडमार्ग कशाला? टॉवर खरेच येत आहेत. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २६,३१६ कोटींची योजना मंजूर करून देशातल्या २४,६८० वंचित गावांना फोर-जी देण्याचे ठरवले. मेळघाटातले हरिसाल तर २०१६ मध्येच मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशी इरादापत्र केले आणि दुर्गम भागांसाठी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव यांच्याबरोबर आपला शेजारी वाशीमही त्यात आला. हे सारे हवेच आहे. पण टॉवर असो, वायफाय असो की छपरावरची तबकडी, ही सगळी सोय एका ठिकाणाला मिळते. शाळेला, ग्रामपंचायतीला, आरोग्य केंद्राला ती पुरते. संकट मात्र हरिसालच्या चौकात यायचे बंधन पाळत नाही; ते दोन गावांमधल्या घाटात, मोहफुले वेचायला गेलेल्या बाईवर, पाणवठ्याकडे निघालेल्या वनरक्षकावर येते. शिवाय टॉवरला वीज लागते, आणि वादळात आधी जाते ती वीजच. आणि १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या या रानाच्या गाभ्यात दर खोऱ्यात मनोरा, त्याला रस्ता, त्याला डिझेल, हे होऊ नये असे वाघासाठी वाटणारे लोकही चुकीचे नाहीत. खिशात मावणाऱ्या यंत्राला झाड तोडावे लागत नाही.

वनखात्याची बिनतारी यंत्रणा आहेच की, असेही कुणी म्हणेल. आहे, आणि अनेकदा तिनेच अब्रू राखली आहे. पण ती खात्याची आहे, खात्याच्या कामासाठी आहे. तिचा आवाज टेकड्यांवरच्या पुनःक्षेपकांच्या जोरावर पुढे जातो आणि ऐकणारा माणूस यंत्रापाशी असेल तरच निरोप पोचतो. तिथून तो आरोग्य खात्याकडे किंवा पोलिसांकडे जायचा तर पुन्हा कुणाला तरी फोन लावावा लागतो. या यंत्रणेला हटवायचे कारण नाही. तिच्या पलीकडच्या माणसांना जोडायचे आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो यंत्राच्या भक्तांना जागे करतो. निरोप म्हणजे मदत नव्हे. कळ दाबली, उपग्रहाने ऐकले, पुढे कुणी हललेच नाही तर? दुर्गम भागात पाठवलेली किती साधने कपाटात कुलूपबंद राहिली, कितींच्या बॅटऱ्या मेल्या, हे सरकारी दप्तराशी संबंध आलेल्या कुणालाही सांगायला नको. जोडीला खोट्या हाकांचाही प्रश्न आहे. १९७९ मध्ये अमेरिका, सोव्हिएत संघ, फ्रान्स आणि कॅनडा यांनी शीतयुद्ध बाजूला ठेवून उभारलेल्या, आणि १९८२ मध्ये पहिला जीव वाचवलेल्या कॉस्पास-सारसॅट या उपग्रह व्यवस्थेचा अनुभव असा, की येणारे बहुतेक इशारे चुकून गेलेले असतात. पण या अनुभवातच उत्तरही आहे. एकतर्फी कळ खोट्या हाका वाढवते, कारण पलीकडच्याला उलट विचारता येत नाही. दुतर्फी निरोपात 'काय झाले?' असे विचारता येते, 'काही नाही, चुकून दाबले गेले' असे उत्तर येते आणि गाडी निघायच्या आधीच थांबते. म्हणून मेळघाटात नुसती लाल कळ देऊन भागणार नाही. लिहिता-वाचता येणारे, आणि मराठी-हिंदीत आधीच भरून ठेवलेले चार-सहा निरोप असलेले यंत्र हवे. आणि ते व्यक्तीच्या मालकीचे नको. ते आरोग्य उपकेंद्रात, वनरक्षकाच्या संरक्षण कुटीत, घाटातल्या एसटीत, पावसाळ्यात तुटणाऱ्या गावातल्या आशाताईच्या पिशवीत असावे. कपाटातले कुलूप टाळायचा उपायही साधा आहे: दर आठवड्याला एक चाचणीचा निरोप, आणि तो आला नाही तर तालुक्याहून विचारणा. तेव्हाच यंत्र जिवंत राहते आणि वापरणाऱ्याचा हातही बसतो.

यंत्र हाती आले की माणूस बेफिकीर होतो, हा आक्षेप नरनाळ्याच्या वाटेवर पावसात हौसेने चढणाऱ्यांबाबत थोडा खरा असेल. त्यांना कुणी शिस्त लावावी. पण जो माणूस याच खोऱ्यात जन्मला, ज्याला नाला ओलांडल्याशिवाय बाजार नाही आणि रान तुडवल्याशिवाय पोट नाही, त्याने सावध राहावे हे सांगण्याचा अधिकार जठारपेठेतल्या आपल्याला नाही. तो पिढ्यान्‌पिढ्या सावधच आहे. त्याच्याकडे नाही ती सावधगिरी संपल्यावरची सोय.

खर्चाचा हिशेबही असाच मांडला पाहिजे. एका यंत्राची किंमत आणि त्याचे मासिक भाडे एका कोरकू कुटुंबाला झेपणारे नाही, हे उघड आहे. एका मच्छीमारालाही ते झेपणारे नव्हते, म्हणून तर पालघरला सरकारने हात पुढे केला. भारताचा अंतराळ कार्यक्रम सुरू झाला तेव्हा विक्रम साराभाईंनी त्याचे समर्थन सामान्य माणसाच्या गरजांच्या आधारे केले होते. १९७५-७६ मध्ये अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे गावांत दूरचित्रवाणी पोचवून आपण तो शब्द पाळूनही दाखवला. पन्नास वर्षांपूर्वी गावात चित्र उतरवू शकलेल्या देशाला आज त्याच गावातली हाक वर उचलता येऊ नये, याला तंत्राचे कारण उरलेले नाही. उरले आहे ते परवान्याचे आणि इच्छेचे.

तेव्हा मागणी मोठी नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे आणि जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अमरावती आणि अकोल्याच्या प्राधिकरणांनी इस्रो आणि बीएसएनएलच्या मदतीने, परवान्यातली, दोन्ही बाजूंनी निरोप नेणारी मोजकी यंत्रे एका पावसाळ्यापुरती मेळघाटातल्या उपकेंद्रांना आणि वनकुट्यांना द्यावीत. हाक किती वाजता गेली, उत्तर किती वाजता आले आणि गाडी किती वाजता पोचली, या तीन वेळांची नोंद ठेवावी, आणि पावसाळा सरल्यावर ती नोंद जाहीर करावी. यंत्र कुचकामी ठरले तर ते परत करावे. उपयोगी ठरले तर होडीला दिलेला न्याय डोंगराला देण्यासाठी आणखी एका दुर्घटनेची वाट पाहू नये.